धर्म शिकायचा, तोही विद्यापीठात?

गेल्या वर्षी जूनमध्ये बी.ए.चा निकाल लागला आणि आमची एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. दहावीपर्यंत ती आमच्याकडे उर्दू माध्यमात शिकली. पुढची बारावी आणि बी.ए. तिने मराठीतून केले. तिच्या घरात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. पेढे देऊन झाले, अम्मीची तब्येत विचारून झाली, तरी पोरगी उठेना. शेवटी म्हणाली, "सर, मला एम.ए. करायचंय. पण धर्मावर."

आम्ही विचारले, "म्हणजे आलिमाचा कोर्स?"

"नाही सर, ते वेगळं. धर्म लोकांमध्ये काय करतो, कोर्टात काय करतो, निवडणुकीत, गावात काय करतो, ते शिकायचंय. आपलाही आणि दुसऱ्यांचाही."

दोन दिवसांनी तिचे वडील आले. तेंदूपत्त्याच्या हंगामात ते एटापल्ली, भामरागडकडे फळीवर मुन्शी म्हणून जातात. बाकीचे वर्ष बल्लारपुरात मिळेल ते काम करतात. बसल्या बसल्या म्हणाले, "सर, दीन सीखना है तो मदरसा है, नौकरी करनी है तो बी.एड. है. ये बीच का क्या है? इससे पेट भरेगा?"

बी.एड. करून पेट किती भरतो हे आम्ही त्यांना सांगितले नाही. पण त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि आमच्याजवळ त्याचे तयार उत्तर नव्हते. त्या दिवसापासून आम्ही या विषयामागे लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी आणखी काही घरांत उभा राहणार आहे.

आधी फरक समजून घेऊ. मदरशात आपण दीन शिकतो तो त्यावर चालण्यासाठी. तिथे शिकवणारा आणि शिकणारा दोघेही ईमानवाले असतात, आणि नमाज कशी अदा करावी हा तिथला प्रश्न असतो. विद्यापीठातला प्रश्न निराळा असतो. कोणत्या काळात, कोणत्या मुलखात, कोणते लोक कशी इबादत करत आले आणि त्याचा त्यांच्या लग्नावर, जमिनीवर, राज्यकारभारावर काय परिणाम झाला, हे तिथे तपासले जाते. शिकणारा कोणत्याही धर्माचा असू शकतो. इतिहास, समाजशास्त्र, कायदा आणि भाषा ही या अभ्यासाची हत्यारे. एक शिक्षण दुसऱ्याची जागा घेत नाही.

सरकारी कॉलेजात धर्म शिकवणे कायद्यात बसते का, असेही काही जण विचारतात. संविधानाच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. परंतु न्यायालयाने यात भेद केला आहे. पंजाबातल्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाची तरतूद होती, तिला आव्हान दिले गेले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा अभ्यास, असे संशोधन म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. पुढे २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या खटल्यातही धर्मांविषयी माहिती देणे आणि धर्माची दीक्षा देणे या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या मानल्या. तेव्हा वाट कायद्याने मोकळी आहे. आपणच त्या वाटेने फारसे गेलेलो नाही.

न गेल्याचे काय होते, ते आमच्याच अनुभवावरून सांगतो. २२ ऑगस्ट २०१७ ला तीन तलाकचा निकाल आला. सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती, पाचही वेगवेगळ्या धर्मांचे. तिघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गात चहाच्या सुट्टीत सगळ्यांनी आम्हाला घेरले. कुणाच्या मनात खोट नव्हती. "सर, तुमच्यात नेमकं काय सांगितलंय?" एवढेच विचारत होते. आम्ही दोन वाक्ये बोललो आणि तिसऱ्याला अडलो. तलाक-ए-बिद्दत म्हणजे काय हे माहीत होते, पण चार मज़हबांमध्ये त्यावर काय मतभेद आहेत, दुसऱ्या मुस्लिम देशांनी काय केले, आपल्याकडचा १९३७ चा शरियत कायदा काय म्हणतो, यातले काही नीट सांगता येईना. एका सहकारी मॅडमने मोबाइलवर वाचून आम्हाला आमच्याच फिकहची माहिती दिली! आम्ही चहाचा कप ठेवून दिला.

नंतर ते निकालपत्र पाहिले. ३९५ पाने. त्यात कुरआनच्या आयती आहेत, हदीस आहे, फिकहच्या ग्रंथांचे उतारे आहेत. म्हणजे देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयात आपल्या दीनचा अभ्यास चालू होता आणि इथे आम्ही, दोन भाषांत पदवी घेतलेले, गप्प होतो. आलिम मंडळींना फिकह येते, वकिलांना कायदा येतो. दोन्ही वाचू शकणारी माणसे आपल्या जिल्ह्यांत किती निघतील? ही मुलगी तसे काही शिकायचे म्हणत होती आणि आम्ही तिला बी.एड.चा फॉर्म आणून द्यायच्या विचारात होतो.

काही दिवसांनी मोहरम आला. चंद्रपूरच्या वाचकांना सांगायला नको, कारागृहाच्या आवारात गैबीशाह वलींचा दर्गा आहे आणि मोहरमच्या दिवसांत एरवी बंद असणारे ते दार लोकांसाठी उघडते. आम्ही दरवर्षी जातोच असे नाही. दर्ग्यावर जाण्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, त्या वादात इथे शिरत नाही. त्या वर्षी आम्ही गेलो ते रांग पाहायला, आणि ती मुलगीही तिच्या अम्मीबरोबर भेटली. रांगेत बुरखे होते, तसेच नऊवारी लुगडी होती, निळे गमछे होते. ती हळूच म्हणाली, "सर, हेच. जेलचं दार सरकारचं, दर्गा आपला, रांग सगळ्यांची. हे कुणी शिकवतं का?"

त्याच कारागृहात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी पिंपळावर फाशी दिली. गोंड समाजासाठी ती जागा आज श्रद्धेची आहे. एकाच आवारात एका समाजाचे वली आणि दुसऱ्या समाजाचे शहीद. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात शेडमाके दोन ओळींत येतात. दर्गा तर येतच नाही.

तिथून थोड्या अंतरावर दीक्षाभूमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली, हे देशाला माहीत आहे. १६ ऑक्टोबरला ते आपल्या चंद्रपुरात आले आणि इथेही त्यांनी हजारोंना दीक्षा दिली, हे मात्र जिल्ह्याबाहेर पुष्कळांना ठाऊक नसते. आम्ही त्या मुलीला एक हिशेब करायला लावला. येवल्याला त्यांनी धर्म बदलण्याची घोषणा केली ती १३ ऑक्टोबर १९३५ ला. मध्ये २१ वर्षे गेली. या २१ वर्षांत त्यांनी शीख धर्म पाहिला, इस्लाम आणि ख्रिस्ती धर्माचा विचार केला, बौद्ध ग्रंथ वाचले, त्यावर लिहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आला. धर्माचा इतका दीर्घ अभ्यास करून घेतलेला सार्वजनिक निर्णय आपल्या देशात दुसरा दाखवणे कठीण आहे. त्यांनी जो निष्कर्ष काढला तो आपला नाही, पण धर्म हा विषय घरापुरता नसतो हे त्यांच्याइतके कुणाला कळले होते?

आणि त्या निर्णयाचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा लाभ आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये तो शिखांना लागू झाला. बौद्धांना त्यासाठी १९९० उजाडावे लागले. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. या प्रश्नासाठी २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. याउलट अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. गोंड माणूस कोणत्याही धर्माचा असो, जमातीच्या यादीतले त्याचे नाव जात नाही. तेही काढून टाका, अशी मागणी आता काही संघटना करत आहेत. फॉर्मवरचा एक रकाना एखाद्या घराला काय देतो आणि काय घेतो, ते यावरून समजावे. आपल्या समाजातल्या मेहतर, हलालखोर घरांशी याचा थेट संबंध आहे. तरी आमच्या माहितीतल्या एकाही जलशात यावर सविस्तर बोललेले आम्ही ऐकले नाही.

मुलीच्या वडिलांना हे सगळे आम्ही सांगत होतो तेव्हा ते मान डोलावत होते, पण डोळे दुसरीकडे. आम्ही विषय बदलला आणि फळीवरच्या गोष्टी काढल्या. मग मात्र माणूस खुलला. म्हणाले, "सर, उधर पंडुम हुए बगैर कुछ नहीं चलता." माडिया लोक आंबा असो की मोह, नवे फळ आधी देवाला देतात. गावाचा पंडुम होईपर्यंत कुणी त्याला हात लावत नाही. पेरणीआधी बियाण्याचा वेगळा पंडुम. गावचा पेरमा दिवस ठरवतो. नवा ठेकेदार हे समजून घेत नाही, मजूर का आले नाहीत म्हणून चिडतो. मुन्शीला मात्र कळते की आज पेरम्याकडे जाऊन बसायचे, घाई करायची नाही. कोणत्या गावात कोणत्या महिन्यात काय असते, कोणत्या टेकडीवर चपला काढायच्या, कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हे ते तासभर सांगत होते. वीस वर्षांची ही माहिती त्यांनी पोटासाठीच गोळा केलेली होती. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिने हे सगळे पहिल्यांदाच ऐकले असावे, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले. बाप घरी येऊन पगाराचे सांगतो, पंडुमचे कशाला सांगेल?

त्या टेकड्यांचा प्रश्न आता मोठा झाला आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज आहे आणि त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे. जानेवारीत तिथे जत्रा भरते, आजूबाजूच्या गावांतले आदिवासी येतात. खाण सुरू झाली, रोजगार आला, ट्रक आले, विरोधही झाला. डोंगर हा देव असू शकतो का? आपल्या तौहीदच्या अकीद्यानुसार नाही. पण न्यायालयापुढे असा प्रश्न येतो तेव्हा आपला अकीदा काय हे कुणी विचारत नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटच्या खाणीचा वाद होता. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तिथल्या डोंगरिया कोंध लोकांच्या धार्मिक हक्कांवर गदा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावे. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला हे बळ दिले. उद्या कब्रस्तानाच्या जागेचा किंवा वक्फच्या जमिनीचा खटला चालेल, तेव्हा नियमगिरीचा निकाल ठाऊक असलेला आपला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याचा उपयोग होणार नाही का?

जनगणनेचेही तेच. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन या सहांखेरीज बाकी सगळे 'इतर' मध्ये जातात. २०११ मध्ये देशात सुमारे १० लाख लोकांनी त्या 'इतर' मध्ये गोंडी धर्म असे नोंदवले. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषेवर आणि गोंडी पुनेमवर आयुष्यभर काम केले, ग्रंथ लिहिले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे निष्कर्ष सर्वांनाच पटतात असे नाही, पण आपल्या समाजाच्या श्रद्धेबद्दल दुसऱ्यांनी लिहिण्याची वाट न पाहता ते स्वतः लिहायला बसले.

आता ज्या शंकेमुळे पुष्कळ घरे मागे सरतात, तिच्याकडे येऊ. हे शिकून मुलांचे ईमान कमजोर होईल का? आम्ही ही शंका हसण्यावारी नेणार नाही. विद्यापीठात दीनकडे बाहेरून पाहिले जाते, काही प्राध्यापक टोचून बोलतात, काही पुस्तके मनाला लागतात. कच्च्या वयात, घरात दीनचा पाया नसताना, त्रास होऊ शकतो. पण दुसऱ्यांच्या धर्माचा अभ्यास आपल्या बुजुर्गांना वर्ज्य नव्हता. अल-बिरूनी संस्कृत शिकले, पतंजलींचा ग्रंथ त्यांनी अरबीत नेला आणि सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानच्या धर्म-विद्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. हे लोक काय मानतात ते त्यांच्याच ग्रंथांतून सांगायचे, खंडनमंडन करत बसायचे नाही, असे त्यांनी ठरवून लिहिले. पुढच्या शतकात शहरस्तानींनी 'अल-मिलल वन-निहल' लिहून जगातल्या धर्मांची आणि पंथांची मांडणी केली. युरोपात मॅक्स म्युलर यांनी धर्माच्या शास्त्रीय अभ्यासावर लंडनला गाजलेली व्याख्याने दिली ती १८७० मध्ये. अल-बिरूनींचे ईमान संस्कृत शिकून गेले, असे म्हणायची हिंमत कोण करेल?

आमच्या महाराष्ट्रातही वाट आहेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वेदशास्त्रसंपन्न होते आणि तरी त्यांनी नागपूर विद्यापीठात व्याख्याने देऊन स्वतःच्या धर्माची समीक्षा केली. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर पुस्तक लिहून श्रीगोंद्याच्या शेख महंमदांसारख्यांची ओळख मराठी वाचकांना करून दिली. ते काम ढेऱ्यांनी केले याचा आनंद आहे. आपल्यातल्या कुणी आधी केले नाही, ही सल मात्र आहे.

व्यवहाराचे बोलू. "धर्म अभ्यास" या नावाचा विभाग महाराष्ट्रात शोधत बसू नये, इथे बहुतेकांना समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, इतिहास किंवा पाली यांच्या दारातून आत जावे लागते. नागपूर विद्यापीठात पाली आणि आंबेडकर विचारधारा यांचे पदव्युत्तर विभाग आहेत. चंद्रपुरात गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजांत समाजशास्त्रात एम.ए. होते. हे विद्यापीठ २०११ मध्ये आपल्या दोन जिल्ह्यांसाठी झाले, त्याआधी प्रत्येक कागदाला नागपूर गाठावे लागे. बाहेर जायची तयारी असेल तर पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म अभ्यासाचा जुना विभाग आहे, दिल्लीत जामिया मिल्लियात धर्म आणि संस्कृती यांच्या तौलनिक अभ्यासाचे केंद्र आहे, अलीगढला इस्लामिक स्टडीज आहे. आपल्याला सोयीचे म्हणजे हैदराबाद. बल्लारशाहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी तिथे. मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात इस्लामिक स्टडीजमध्ये एम.ए. आहे आणि उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना तिथे भाषेची धास्ती नाही. काही मदरशांच्या सनदांवर या केंद्रीय विद्यापीठांत प्रवेश मिळतो. घरात फाजिल झालेला मुलगा असेल तर चौकशी करावी.

नोकरीचे खोटे चित्र आम्ही रंगवणार नाही. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, भरती रखडते. नेट परीक्षेत 'धर्मांचा तौलनिक अभ्यास' आणि 'अरब संस्कृती व इस्लामिक अभ्यास' असे स्वतंत्र विषय आहेत. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ च्या अखेरीस बंद केल्याचे जाहीर केले, तो आधार आता नाही. पत्रकारिता, वकिली, स्पर्धा परीक्षा, ग्रामसभांबरोबर काम करणाऱ्या संस्था, इथे हे ज्ञान कामी येते, पण नुसत्या एम.ए.वर कुणी दार उघडून उभे नाही. सोबत कायदा किंवा बी.एड. जोडावे लागेल. मुलीच्या वडिलांना आम्ही हे सगळे जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, "मतलब पेट का भरोसा नहीं." आम्ही म्हणालो, "नहीं."

मग चार दिवस काही निरोप नव्हता. पाचव्या दिवशी मुलगीच आली. हैदराबादच्या होस्टेलला घरून नकार होता, खर्चामुळे आणि दादीच्या आजारपणामुळे. चंद्रपूरला रोज जाऊन येऊन समाजशास्त्रात एम.ए. करायला परवानगी मिळाली, सोबत सकाळी एका शिकवणीवर्गात शिकवायचे या बोलीवर. आम्हाला थोडे वाईट वाटले, तिला फारसे वाटलेले दिसले नाही. पहिल्या वर्षाच्या छोट्या प्रकल्पासाठी तिने विषय घेतला तो तेंदूपत्त्याचा हंगाम आणि माडिया गावांचे पंडुम. तिच्या गाइडने म्हणे विचारले, "तुला हे कुठून सुचलं?"

या उन्हाळ्यात वडील नेहमीप्रमाणे फळीवर गेले. परत आल्यावर आम्हाला भेटायला आले तेव्हा खिशात नेहमीची लाल वही होती. पुढच्या पानांवर पुडक्यांचा आणि मजुरीचा हिशेब. मागून उलटी उघडली तर उर्दूत गावांची नावे, त्यांच्यापुढे पंडुमांची नावे, कोणत्या पेरम्याने काय सांगितले त्याच्या चार-चार ओळी. दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह होते. म्हणाले, "सर, ये दो गाँव का पूछना रह गया. बारिश लग गई."